रॅक भरताना रोबो गल्लीत मध्येच थांबतो, जागा हरवतो : काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

भिवंडीच्या गोडाऊनमध्ये रात्रपाळीला रोबो सांभाळणं हे माझं काम. आमचे रोबो ट्रॉलीखाली शिरतात, ट्रॉली उचलतात आणि रिसिव्हिंगपासून (आलेला माल उतरवतात ती जागा) ज्या खणात माल लावायचा तिथवर आणून उभी करतात. माल लावतात माणसंच. ताई-दादा क्रेट उतरवून रॅक भरतात आणि रिकामी ट्रॉली रोबो परत नेतो. हे नीट चाललं तर रॅक भरणाऱ्याची रात्रभराची ओढाओढ वाचते. रोबो गल्लीत अडकला तर तीच ताई दीडशे किलोची ट्रॉली स्वतः ढकलत नेते, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून ही पोस्ट.

बिघाड एकच, पण तो पुन्हा पुन्हा येतो: रोबोला आपण कुठे आहोत हे कळेनासं होतं.

लक्षणं

- गल्लीच्या मध्यावर रोबोचा वेग कमी होतो. तो जागच्या जागी डावी-उजवीकडे थोडा वळतो, जणू काही शोधतोय, आणि थांबतो. पिवळा दिवा लुकलुकतो, स्क्रीनवर ‘पोझिशन लॉस्ट’ किंवा तशाच अर्थाचं काहीतरी येतं.
- थांबत नाही, पण चुकीच्या खणासमोर ट्रॉली ठेवतो. १४ नंबरचा माल १३ समोर. बऱ्याचदा चूक बरोबर एका खणाची असते.
- टॅबलेटवरच्या नकाशात रोबो एका जागी दिसतो आणि प्रत्यक्षात दुसरीकडे उभा असतो.
- हाताने ढकलून चार्जिंगला नेला आणि बंद-चालू केला की एक-दोन फेऱ्या सुरळीत होतात, मग पुन्हा तेच.
- हे सहसा ठरावीक गल्लीत आणि ठरावीक वेळेला होतं. मोठी गाडी खाली झाल्यावर तर जास्तच.

टॅबलेटवर रोबोची जागा बरोबर दिसते आणि तरीही तो हलत नाही, तर बिघाड वेगळा आहे. समोर अडथळा असेल, रोबो तातडीने थांबवायचं लाल बटण दाबलेलं असेल किंवा नेटवर्क गेलं असेल. सगळे रोबो एकाच वेळी थांबले तर रोबोला हात लावू नका, आधी सर्व्हर आणि वायफाय बघा. या दोन गोष्टी पहिल्या मिनिटात वेगळ्या केल्या की निम्मी रात्र वाचते.

आणखी एक. जमिनीवर चौकोनी कोडचे स्टिकर वाचत चालणारे रोबो असतात. अमेझॉनने २०१२ मध्ये किवा ही कंपनी ७७.५ कोटी डॉलरना घेतली, तिचे रोबो त्या जातीचे. ते जाळीने वेगळ्या केलेल्या भागात फिरतात, तिथे एरवी माणसं शिरत नाहीत, आणि जागा त्यांना स्टिकरवरून कळते. तुमच्याकडे तसले असतील तर फाटलेला किंवा मळलेला स्टिकर शोधा, पुढचं बरंचसं तुमच्यासाठी नाही. मी लिहितोय ते माणसांमध्ये फिरणाऱ्या आणि लायडारवर (लेझरने अंतर मोजणारं यंत्र) चालणाऱ्या रोबोंबद्दल.

असं होतं का

हे समजून घ्या, म्हणजे तपासण्यांचा क्रम पाठ करावा लागणार नाही.

रोबो आपली जागा दोन गोष्टींवरून ठरवतो. एक म्हणजे चाकं किती फिरली याची मोजणी. दुसरी लायडार. हे लेझरचे किरण फेकून आजूबाजूच्या वस्तू किती लांब आहेत ते मोजतं, आणि ते चित्र रोबो साठवलेल्या नकाशाशी जुळवून बघतो. चाकांची मोजणी हळूहळू चुकत जाते, लायडार ती चूक सुधारत राहतं.

आता लांब गल्लीत काय होतं बघा. दोन्ही बाजूंना रॅकचे खांब सारख्या अंतरावर, आमच्याकडे २.७ मीटरवर. डावी-उजवीकडे किती जागा आहे हे रोबोला पक्कं कळतं. पण गल्लीच्या लांबीत आपण नेमके कुठे आहोत, हे सांगणारी खूणच नाही, कारण सातव्या खांबापाशी जे दिसतं तेच आठव्यापाशी दिसतं. म्हणूनच चूक बरोबर एका खणाची होते.

दुसरं कारण तर रॅक भरण्यातच आहे. लायडार जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर असतं, आमच्या रोबोंचं १८ सेंटीमीटरवर. वरच्या फळ्यांवर काय लावलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याला दिसतो फक्त सगळ्यात खालचा थर. खालचा खण भरलेला असला की तिथे भिंत दिसते. तोच खण रिकामा झाला की किरण आरपार शेजारच्या गल्लीत जातो. आपण रात्रभर रॅक भरत असतो आणि रोबोच्या दृष्टीने भिंती सरकत असतात. नकाशा मात्र ज्या दिवशी बनवला त्या दिवसाचाच राहतो.

मी ज्या ज्या वेळी हा बिघाड काढला, त्यातल्या बहुतेक वेळी रोबोत काहीच बिघडलेलं नव्हतं. बिघडली होती ती जमिनीलगतची वीतभर उंचीची पट्टी.

१. आधी रॅक भरणाऱ्याला विचारा, मग जमिनीवर बसा

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं.

त्या गल्लीत काम करणाऱ्याला विचारा, ‘कधीपासून थांबतोय? इथे नवीन काय ठेवलंय?’ आमच्याकडे सहा नंबरच्या गल्लीने एकदा चार रात्री छळलं होतं. मी लॉग (रोबोने ठेवलेल्या नोंदी) वाचत बसलो होतो. शेवटी तिथे माल लावणारी ताई म्हणाली, ‘दादा, साखरेची पोती बाहेर लागली की हा थांबतो. पोती उचलली की जातो.’ मी खाली बसलो, मोबाइल जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवा धरला आणि गल्लीचा फोटो काढला. उभं राहून बघताना गल्ली मोकळी वाटत होती. फोटोत डावीकडचे तीन खांब पोत्यांच्या रांगेमागे पूर्ण झाकलेले. गल्लीच्या तोंडाशी एक लोखंडी गार्ड होता, रोबोला नेमकी जागा सांगणारी ती एकच खूण, आणि तिच्यासमोर पुठ्ठ्याची चळत उभी होती.

पोती आत सारली, पुठ्ठा उचलला आणि रोबो गेला.

तेव्हापासून तो फोटो ही माझी पहिली पायरी आहे. गल्लीच्या दोन्ही टोकांवरून एकेक काढा. चांगल्या दिवशी काढलेला फोटो जवळ असेल तर तुलना सोपी जाते, म्हणून सगळं नीट चालू असताना प्रत्येक गल्लीचा फोटो काढून ठेवा. बाहेर आलेले पॅलेट (माल रचायचे लाकडी पाट), शिडी, कचऱ्याचा ड्रम, आडवी ठेवलेली हँड पॅलेट ट्रक, सगळं बघा.

यात एक धोका आहे, तो इथेच सांगतो. रिकामं लाकडी पॅलेट साधारण १५ सेंटीमीटर उंच असतं. लायडार १८ वर असेल तर किरण त्याच्यावरून निघून जातो आणि रोबोला ते दिसतच नाही. वरून बघणारा थ्रीडी कॅमेरा असेल तर ठीक, नाहीतर रोबो सरळ त्याला जाऊन भिडतो आणि बंपरवर थांबतो. धडकेने चाकं घसरतात, मोजणी चुकते आणि जागा हरवते. रिकामी पॅलेट गल्लीत ठेवायचीच नाहीत, हा नियम सगळ्यांना कारणासकट सांगा. नुसता नियम कोणी पाळत नाही.

२. लायडारची काच पुसा

आमच्याकडे पीठ, मैदा, हळद असा माल असतो. एक पोतं फुटलं की रात्रभर बारीक धूळ उडते आणि काचेवर बसते. मळलेल्या काचेतून लांबचं दिसत नाही, जवळचं दिसतं. गल्लीचं टोक लांब असतं आणि नेमकं तेच हवं असतं.

रोबो बंद करा. आधी मऊ ब्रशने धूळ झटका, मग स्वच्छ मायक्रोफायबर कापड किंचित ओलं करून एकाच दिशेने पुसा. ही काच म्हणजे बहुतेक वेळा प्लास्टिक असतं. थिनर, स्पिरिट, फरशीचं लिक्विड लावू नका. पृष्ठभाग पांढुरका झाला की परत येत नाही. शर्टाच्या बाहीने पुसणाऱ्यांना मी हात जोडतो, ओरखडा पडला की काच बदलावी लागते आणि ते काम आपलं नाही. का ते शेवटी सांगतो.

पावसाळ्यात, किंवा कोल्ड रूममधून बाहेर आल्यावर, काचेवर दव धरतं. रोबो बाहेर आल्यावर दोन-तीन मिनिटांतच अडकत असेल आणि नंतर आपोआप सुधारत असेल तर कारण हेच.

३. चाकांत काय अडकलंय ते बघा

रोबो बंद करूनच हात घाला. नुसतं लाल बटण दाबून नाही, मेन स्विच बंद करून.

पॅलेटभोवती गुंडाळायची स्ट्रेच फिल्म हा आपला मोठा शत्रू. तिची एक पट्टी जमिनीवर पडते, चाकाला चिकटते आणि आसाभोवती दोरीसारखी घट्ट होते. आधाराच्या छोट्या चाकाला गुंडाळली तर ते वळायला अडतं आणि रोबो एका बाजूला ओढला जातो. सुतळी आणि खोक्यांच्या प्लास्टिकच्या पट्ट्याही अशाच. छोटी कात्री आणि चिमटा जवळ ठेवा. ब्लेडने चाकाचं रबर कापलं जातं, म्हणून मी ब्लेड वापरत नाही.

४. फरशी

रोबो एकाच ठिकाणी हरवत असेल तर तिथली फरशी हाताने चाचपून बघा. तेलाचा डबा गळला असेल, साबणाचं पाणी सुकलं नसेल, शटरखालून पावसाचं पाणी आलं असेल. चाक घसरलं की ते फिरतं पण रोबो पुढे जात नाही. मोजणीत मात्र तो पुढे गेलेला असतो. आमच्याकडे फरशी पुसायची वेळ आणि रोबोंची फेरी एकत्र येत होती. मावशींशी बोलून पुसायची वेळ अर्ध्या तासाने पुढे नेली. एवढंच लागलं.

५. सुरुवातीची जागा आणि चार्जिंग डॉक

बंद-चालू केल्यावर बरेच रोबो ‘मी डॉकवर आहे’ असं धरून चालतात. कोणी त्याला गल्लीतच बंद-चालू केला, किंवा हाताने ढकलून भलतीकडे नेऊन चालू केला, तर पहिल्या पावलापासूनच तो चुकीच्या जागी असतो. टॅबलेटवर नकाशा उघडा, रोबोचा बाण योग्य जागी आणि योग्य दिशेला ठेवा, आणि लायडारचे ठिपके नकाशातल्या भिंतींवर बसतात का ते बघा. ठिपके आणि रेषा एकमेकांवर बसल्या तर जागा बरोबर. तिरके दिसले तर बाण पुन्हा फिरवा.

डॉकही बघा. फोर्कलिफ्टचा धक्का लागून आमचा एक डॉक चार बोटं सरकला होता. उघड्या डोळ्यांना कळण्यासारखं नव्हतं, जमिनीवरच्या जुन्या बोल्टच्या खुणेवरून समजलं. त्या डॉकवरून निघणारा प्रत्येक रोबो थोडा तिरका निघायचा. डॉकच्या चारही कोपऱ्यांना जमिनीवर रंगाने खूण करून ठेवा.

६. संध्याकाळचं ऊन

पश्चिमेकडे शटर असलेल्या गोडाऊनवाल्यांनी हे वाचा, बाकीच्यांनी पुढे जा. लायडारचा किरण बहुतेक वेळा अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारा) असतो आणि उन्हातही अवरक्त प्रकाश भरपूर असतो. तिरकं ऊन थेट काचेत शिरलं की मोजणीत गोंधळ होतो. बिघाड रोज साडेपाच-सहाला आणि ढगाळ दिवशी नाही, असं असेल तर शटरला पडदा लावा.

७. वायफाय

खरं तर नेटवर्क गेल्याने जागा हरवत नाही, रोबोला फक्त पुढचं काम मिळत नाही. तरी इथे लिहितोय, कारण स्क्रीनवरचे संदेश लोक एकमेकांत मिसळतात. रिकाम्या गोडाऊनमध्ये तपासलेलं नेटवर्क भरलेल्या गोडाऊनमध्ये तसंच राहत नाही. पाण्याच्या बाटल्या आणि तेलाचे डबे सिग्नल अडवतात. मोबाइल घेऊन गल्लीतून चालत जा, कांड्या कुठे पडतात ते बघा आणि आयटीवाल्यांना जागा दाखवा.

८. चाकांची झीज

आतापर्यंत जमलं नसेल तर आता थोडं मोजमाप. आमच्या रोबोचं चाक २०० मिलिमीटर व्यासाचं. वापराने ते १९८ झालं म्हणजे १ टक्का कमी झालं. रोबोच्या हिशेबात चाक अजून २०० चंच आहे, म्हणजे ४० मीटरच्या गल्लीत तो ४० सेंटीमीटर अलीकडे असतो आणि त्याला वाटतं पोचलो. एकच चाक झिजलं असेल तर आणखी वाईट. दोन चाकांमध्ये ५० सेंटीमीटर अंतर धरलं तर १० मीटरमध्ये जवळजवळ ११ अंशांचा फरक पडतो. गल्लीत दोन्हीकडे रॅक असल्याने लायडार ती दिशा सुधारून घेतं, म्हणून हा दोष बाहेरच्या मोकळ्या जागेत जास्त दिसतो.

ओळखायचं कसं? रोबो नेहमी अलीकडेच थांबत असेल, सगळ्या गल्ल्यांमध्ये, तर झीज किंवा घसरण. चाकावर फिल्म चढून ते मोठं झालं असेल तर उलट, पलीकडे जातो. कधी अलीकडे, कधी पलीकडे, कधी बरोबर एक खण, असं असेल तर पायरी १ वर परत जा.

व्हर्नियर कॅलिपरने दोन्ही चाकांचा व्यास मोजा आणि लिहून ठेवा. सॉफ्टवेअरमधला चाकाच्या व्यासाचा आकडा बदलायची परवानगी तुमच्या लॉगिनला असेल आणि ते कसं करायचं हे तुम्हाला शिकवलेलं असेल तरच बदला. नसेल तर मोजलेले आकडे सर्व्हिसवाल्याला द्या, तो खूश होईल.

९. नकाशा, सगळ्यात शेवटी

बहुतेक लोक सुरुवातच इथून करतात: ‘नकाशा परत बनवा.’ कृपया तसं करू नका. आज बाहेर आलेली पोती आज बनवलेल्या नकाशात भिंत म्हणून कायमची बसतात. दोन-तीन दिवस बरं वाटतं, पोती उचलली की तोच त्रास नव्याने सुरू. शिवाय नकाशा बदलला की प्रत्येक खणाचा थांबा पुन्हा तपासावा लागतो. आमच्याकडे त्याला पूर्ण दोन रात्री गेल्या होत्या.

नकाशा खरोखर बदलायची वेळ येते ती रॅक हलवले, भिंत घातली किंवा डॉकची जागा बदलली तर. तेव्हा खालचे खण जितके रिकामे करता येतील तितके करा, म्हणजे नकाशात माल न येता खांब येतील. कुठला भाग रोज बदलतो हे सॉफ्टवेअरमध्ये दाखवायची सोय असेल तर जरूर वापरा.

लांब, एकसारख्या गल्लीवर कायमचा उपाय म्हणजे खूण देणं. आम्ही दोन लांब गल्ल्यांमध्ये लायडारच्या उंचीवर, सारख्या अंतरावर न ठेवता मुद्दाम वेगवेगळ्या अंतरांवर, खांबांना परावर्तक पट्ट्या लावून घेतल्या. सारख्या अंतरावर लावल्या असत्या तर पुन्हा तोच घोळ झाला असता. तुमच्या रोबोचं सॉफ्टवेअर परावर्तक ओळखतं का हे आधी कंपनीला विचारा. ओळखत नसेल तर पट्टी लावून उपयोग नाही. मग गल्लीच्या टोकाशी एखादा पक्का, न हलणारा, वेडावाकडा आकार ठेवा, म्हणजे लोखंडी गार्ड किंवा कोन, आणि त्याच्यासमोर कधीही माल लावू द्यायचा नाही.

इथे थांबा आणि सर्व्हिसवाल्याला बोलवा

- लायडारची काच तडकली किंवा ओरखडली. सुरक्षेचं लायडार आणि जागा शोधणारं लायडार बऱ्याच रोबोंत एकच असतं. काच बदलल्यावर ते पुन्हा कॅलिब्रेट करावं लागतं, म्हणजे त्याचं मोजमाप नव्याने जुळवावं लागतं. न केलं तर समोर माणूस आला तरी रोबो वेळेवर थांबेल याची खात्री नाही.
- माणूस समोर असताना रोबो थांबला नाही, किंवा उशिरा थांबला. एकदाच झालं असेल तरीही. मेन स्विच बंद, त्यावर पाटी, आणि तो रोबो गल्लीबाहेर.
- लाल बटण दाबूनही चाकं फिरली.
- बॅटरी फुगली, गरम लागली, वास आला. रोबो ओढून मोकळ्या जागी न्या आणि बॅटरी उघडू नका.
- मोटर किंवा गिअरमधून करकर, किंवा रोबो बंद असताना एक चाक सैल आणि दुसरं घट्ट.
- सुरक्षेच्या क्षेत्राची किंवा वेगाची सेटिंग बदलावी लागेल असं कोणी सुचवलं.

शेवटच्या मुद्द्यावर मी कोणाचंही ऐकत नाही. चालकाविना चालणाऱ्या औद्योगिक ट्रकांच्या, म्हणजे आपल्या रोबोंसारख्या वाहनांच्या, सुरक्षेसाठी आयएसओ ३६९१-४ हे मानक २०२० मध्ये आलं, आणि माणूस ओळखून थांबणं हा त्याचा गाभा आहे. रोबो सारखा थांबतोय म्हणून सुरक्षेचं क्षेत्र लहान करणं, बंपरला टेप लावणं, असले उपाय काम उरकायच्या घाईत सुचतात. पण गल्लीत पाठमोरी बसून खालचा खण भरणारी ताई त्या लायडारच्या भरवशावर बसलेली असते.

फोन करण्याआधी एवढं हाताशी ठेवा: रोबोचा नंबर, थांबल्याची नेमकी वेळ, गल्ली आणि खण, स्क्रीनवरचा संदेश जसाच्या तसा, वीतभर उंचीवरून काढलेले दोन फोटो, दोन्ही चाकांचे व्यास, आणि गेल्या आठवड्यात गल्लीत काय हललं त्याची यादी. ती यादी रॅक भरणाऱ्यांना विचारून करा.